हरकत कुणाची

अनगोळला मावसबहिणीच्या हळदीत ते गाणं लागलं आणि मांडवातल्या झाडून सगळ्या बायका नाचायला उठल्या. मी कडेला भिंतीला टेकून उभी होते. मावशी हळदीचे हात पदराला पुसत नवऱ्याकडच्या बायकांना म्हणाली, "ह्या गाण्यात आवाज आमच्या हिचा हाय बरं का."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांचंही बरोबर होतं. गाण्याच्या व्हिडिओत कोल्हापूरकडची एक देखणी मुलगी नाचते आणि ओठ हलवते. माझं नाव खाली बारीक अक्षरांत येतं आणि वाचायच्या आत जातं. लोकांना वाटायचं, नाचणारीच गाते. मी आपली वडगावची, घरी पॉवरलूम, स्वतः खडेबाजारात साडीच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी.

"ही व्हय?" त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली. "मग म्हण की बघू."

डीजे बंद केला. मी म्हणायला लागले. गाणं तसं साधंच आहे. वरातीची गाडी कोगनोळीच्या नाक्यावर आलीय आणि नवरी नवऱ्याला म्हणते, 'नाक्यावर गाडी जरा थांबीव रं'. पहिल्या ओळीला बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. पण त्या ओळीच्या शेवटच्या 'रं'वर आवाज एकदम वर चढतो, तिथं जरासा थरथरतो आणि घसरत खाली येतो. गळ्याच्या अशा वळणाला गाणारे हरकत म्हणतात. लोक गाणं ऐकायचे ते त्या हरकतीसाठीच. माझा 'रं' वर गेला आणि मध्येच कोरडा पडला. मी परत प्रयत्न केला. परत तेच.

टाळ्या थांबल्या. "आताशा समदं मशीनमधनंच काढतात," म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, उलट मला सांभाळून घेत होती. तेच जास्त लागलं. डीजे सुरू झाला, त्या 'रं'वर सगळ्या बायकांनी हात वर केले, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, हा आवाज माझा आहे का?

गाणं निपाणीत रेकॉर्ड झालं होतं. एका लग्नात मी मंगलाष्टकं म्हटली होती, तिथं व्हिडिओ शूटिंगला आलेल्या माणसानं आण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, गाठलं. त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे माडीवरचं त्याचं घरच. पुढच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओंची कामं, मागच्या खोलीत भिंतींना फोम आणि जुन्या गाद्या ठोकून केलेली रेकॉर्डिंगची जागा, आणि तिला लागूनच स्वयंपाकघर. माझा माइक चालू असताना पलीकडे फोडणी पडली की तो "कट" म्हणायचा आणि भिंतीवर बुक्की मारायचा.

आण्णाला त्या माणसाचा पहिल्यापासून संशय. "गाणं काढतो म्हणतोय, पण आपल्यालाच का? गावात पोरी कमी हाईत व्हय?" असं तो जाताना म्हणाला आणि येतानाही म्हणाला. रेकॉर्डिंग चालू असताना दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसून राहिला. तो 'रं' मी तेव्हाही साधाच म्हटला होता. दादानं, म्हणजे त्या स्टुडिओवाल्यानं, हेडफोन कानाला लावून ते परत ऐकलं. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मिक्सिंगला बघून घेतो."

त्यानं काय बघून घेतलं, मी विचारलं नाही. गाणं आलं तेव्हा आवाज चकचकीत वाटला. वाटलं, मशीनमधून गेल्यावर होत असेल असं. नव्या सुती साडीला कांजी केल्यावर ती जशी उभी राहते, तसं. आणि मग विचारायला सवडच मिळाली नाही. लग्नसराईत गाणं जिकडंतिकडं वाजायला लागलं. निपाणीपासून खानापूरपर्यंत रिक्षांत, डीजेवर, शाळेच्या गॅदरिंगमध्ये. कन्नड बोलणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ती ओळ पाठ. दुकानाच्या मालकांनी मला आतल्या काउंटरवरून पुढच्या काउंटरवर आणलं. आण्णासुद्धा नरमला आणि माझ्या कार्यक्रमांचे फोन स्वतः घ्यायला लागला.

अनगोळच्या हळदीनंतर मात्र माझं ऐकणं बदललं. आमच्या घरात लूम चालू असताना काही ऐकू येत नाही, म्हणून वीज जायची वाट बघायची. वीज गेली, माग थांबले, की इअरफोन घालायचे आणि तेवढाच 'रं' ऐकायचा. माझा 'र' थोडा नाकात जातो. शाळेत बाई त्यावरून बोलायच्या. गाण्यातल्या बाकीच्या सगळ्या ओळींत तो तसाच नाकातला आहे. त्या एका 'रं'मध्ये नाही. तो छातीतून येतो, आणि संपताना त्यात हसू आल्यासारखं वाटतं. गाताना मी हसले नव्हते. आण्णा उंबऱ्यावर बसलेला असताना कोण हसणार?

मी दादाला फोन केला. "दादा, त्या 'रं'ला काय केलंय तुम्ही?"

"इफेक्ट हाय तो," तो म्हणाला. लगेच म्हणाला. विचार न करता.

"मग आणखी एका ओळीला तसाच लावून पाठवा की. कसा वाटतोय बघू."

"तसं हुईत न्हाय ताई. ते त्या त्या गाण्याला बसतंय." मागे भांडं पडल्याचा आवाज आला आणि त्यानं फोन ठेवला.

मग काकतीजवळच्या एका गावात जत्रेचा कार्यक्रम झाला. मी आण्णाला बजावलं होतं, गाणं लाइव्हच म्हणायचं, खालच्या पट्टीत, आणि 'रं' सरळ म्हणून मोकळं व्हायचं. पहिलंच कडवं झालं आणि खालून ओरडा सुरू झाला, "ओरिजिनल लावा! ओरिजिनल!" साऊंडवाल्यानं मला न विचारता रेकॉर्ड लावली. मी बंद माइक तोंडासमोर धरून ओठ हलवत राहिले. 'रं' आला तेव्हा हात वर करावा लागला, कारण समोर सगळ्यांचे हात वर होते. लोक खूश झाले. पण साऊंडवाल्यानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. त्याला काय कळलंय, कुठवर कळलंय, आणि तो कुणाकुणाला सांगणार, याचा विचार करत मी गाडीत बसले.

दुसरं गाणं त्याच दादाकडे केलं. या वेळी मिक्सिंगला काही बघून घेतलेलं दिसलं नाही. सगळा आवाज माझा होता, नाकातल्या 'र'सकट. गाणं पडलं. तिसरंही पडलं. लोक म्हणायचे, पहिल्यासारखं नाही. कार्यक्रमांचे फोन कमी होत गेले. मालकांनी पुढच्या काउंटरवरून मला हलवलं नाही, पण गिऱ्हाइकांना 'हिनंच ते गाणं म्हटलंय' असं सांगायचं बंद केलं.

माझा हिशेब ठरून गेला होता. दादाकडे दुसरी कोणी गाणारी आहे. पहिल्या गाण्यात तिला चोरून घातलं, बाजारात कसं चालतंय ते बघितलं. आता मला पडू द्यायचं आणि तिला पुढं आणायचं. आण्णा म्हणाला, "मी पयल्यापासनं सांगतोय. न्हाय तर मशीन तरी असंल. हल्ली मशीन कुणाचाबी आवाज काढतंय." दादाकडे मी माझं मूळ रेकॉर्डिंग मागितलं, मिक्सिंग व्हायच्या आधीचं. तो म्हणाला, हार्ड डिस्क उडाली. त्या डिस्कवरच्या लग्नांच्या व्हिडिओंबद्दल मात्र कुणाची तक्रार ऐकली नव्हती.

दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि निपाणीची बस पकडली. दुपारी पोचले. दादा शूटिंगला गेला होता. दार वहिनीनं उघडलं, त्याच्या बायकोनं. मागे दोन-तीनदा मी तिच्या हातचा चहा घेतला होता, पण ती कप ठेवून लगेच आत जायची. आज मला बघून तिचा चेहरा उतरला, हे मी टिपलं.

"त्यास्नी फोन करून यायचंस की गं," ती म्हणाली.

"बसते थोडा वेळ."

ती चहा टाकायला गेली. मी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरकडे, वायरींकडे, भिंतीवरच्या फोटोंकडे बघत राहिले. एखाद्या मुलीचा फोटो, तिचं नाव, काहीतरी सापडेल असं वाटत होतं. काही नव्हतं. सासूबाई शेजारी गेल्याचं वहिनी आतूनच म्हणाली. तेही मी न विचारता.

एवढ्यात खाली रस्त्यावर गॅसच्या गाडीची घंटी वाजली. वहिनी हातातला चमचा तसाच घेऊन गॅलरीत धावली आणि खाली वाकून ओरडली, "ए गॅसवाल्या, थांबीव रं!"

तो 'रं' वर चढला, थरथरला आणि घसरत खाली गेला. शेवटी हसू होतं.

गाडी थांबली. वहिनी वळली आणि मला बघून जागच्या जागी उभी राहिली. तिला कळलं की मला कळलंय. सिलिंडर वर आला, तो तिनं आत घेतला. गॅसवाला गेल्यावर तिनं दार लावून घेतलं.

"तुला आजपातूर म्हाईतच नव्हतं?" तिनं विचारलं.

"मला कुठनं माहीत असणार?"

"मला वाटलं तुला म्हाईत हाय आणि तू गप बसलीयास." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "ते जत्रंतलं तुझं फोनवर बघितलं मी. माझ्या आवाजावर तू हात वर केलास. लई राग आल्ता. म्हटलं, एकदा तरी इचारायचं हिनं."

मी इतके दिवस तिच्या घरावर संशय घेत होते आणि ती स्वयंपाकघरात बसून माझ्यावर घेत होती.

मग तिनं सगळं सांगितलं. मिक्सिंगच्या वेळी दादा त्या ओळीवर अडून बसला होता. परत परत तेच वाजवत होता. ती पोळ्या लाटता लाटता वैतागून म्हणाली, असं म्हणायला सांगा की तिला, आणि म्हणून दाखवलं. दादानं तिला तशीच पिठाच्या हातानं माइकसमोर उभी केली. तेवढा 'रं' काढून माझ्या ओळीला जोडला. सासूबाईंना कळलं तर घरातल्या सुनेचा आवाज डीजेवर वाजतोय म्हणून आकाशपाताळ एक होईल, म्हणून कुणाला बोलायचं नाही असं ठरलं.

"दुसऱ्या गाण्याला पण म्हण म्हणत हुते," वहिनी म्हणाली. "मी न्हाय म्हटलं. नाव एकीचं, गळा दुसरीचा, मला ते बरं वाटंना."

दादा आला तेव्हा आम्ही दोघी शेजारी बसलेल्या होतो. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि कॅमेऱ्याची पिशवी हळूच खाली ठेवली.

"गाणं चाललं न्हवं? सगळ्यांचंच भलं झालं की," तो म्हणाला.

"माझं झालं नाही," मी म्हणाले. "आणि वहिनीचं काय झालं?"

"आईला काय सांगू मी?"

"मी सांगते त्यास्नी," वहिनी म्हणाली. दादानं तिच्याकडे असं बघितलं, जणू तिचा आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला.

तिनं खरंच सांगितलं. मी तिथं नव्हते, पण सासूबाई बरेच दिवस तिच्या हातचं जेवल्या नाहीत, एवढं मला कळलं. त्या काळात वहिनी माझा फोनही घेत नव्हती. मला वाटलं, हे इथंच संपलं. नंतर एक दिवस तिचाच फोन आला, "रविवारी येतीस काय? चाल सुचलीया."

ते गाणं आम्ही दोघींनी म्हटलं, दोन जावांच्या भांडणाचं. दोघींची नावं सारख्या अक्षरांत. पहिल्या गाण्यावरही दादानं तिचं नाव चढवलं. त्यावर खाली लोकांनी मला खूप काही लिहिलं. फसवलं, खोटारडी, जत्रेत नुसते ओठ हलवत होती. ते शेवटचं खरं होतं. काही कार्यक्रम त्यामुळे गेले. नवं गाणं पहिल्याएवढं कधीच चाललं नाही, पण मेलंही नाही. उचगावकडच्या बायका ते डोहाळजेवणात म्हणतात असं ऐकलं. वहिनी आता माझ्याबरोबर कार्यक्रमांना येते, डोक्यावर पदर घेऊन माइकच्या जरा मागं उभी राहते. व्हिडिओ काढू देत नाही. आण्णा गाडी चालवतो आणि तिला वाटेत तीन-तीनदा विचारतो, घरी खरंच सांगून आलात न्हवं.

मला वाटलं होतं, खरं कळलं की संशय जाईल. गेला नाही, त्याला फक्त बसायला नवी जागा मिळाली. गाणं तयार झालं की मी आता इअरफोन घालून आम्हा दोघींचे आवाज वेगळे काढत बसते. मागच्या गाण्यात एका कडव्यात माझा आवाज खाली ठेवला होता. दादा म्हणाला, बॅलन्स आहे. असेलही. वहिनीला विचारलं तर ती हसली, आणि त्या हसण्याचा अर्थ लावण्यात माझा एक अख्खा दिवस गेला.

म्हणून आता मिक्सिंग संपेपर्यंत मी निपाणीतून हलत नाही. दादाच्या शेजारी स्टूल टाकून बसते. परवा तो कंटाळून हेडफोन काढत म्हणाला, "ताई, एवढं झालं, अजून इश्वास न्हाय व्हय?"

"हाय की," मी म्हणाले. "तेवढं दुसरं कडवं परत वाजवा."