मांडीवरचा डबा

सोलापूर स्टँडवरनं एसटी सुटली. शेजारच्या माणसानं मांडीवर स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरलेला. खाली ठेवीना, वरच्या फळीवरही ठेवीना. माझ्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या बायकोच्या अस्थी. आज त्या पाण्यात गेल्या की तिचं काहीच उरणार नाही, एवढंच डोक्यात. अस्थी खाली टेकवत नाहीत, म्हणून मला वाटलं, हाही आपल्यासारखाच दुःखातला.

"कोण गेलं तुमचं?" मी विचारलं.

"कोणी नाही काका. समुद्राच्या तळाचा गाळ आहे. कॉलेजात दाखवायला नेतोय."

"गाळच पायजे तर आमच्या गटारी काय आटल्या व्हय?"

तो हसला नाही. शिकलेल्यांना उशिरा हसू येतं. म्हणाला, गाळात बारीक जिवांचे शिंपले असतात. त्यावरनं लाखो वर्षांमागं जग किती तापलं होतं, बर्फाचे डोंगर कधी वाढले, सगळं कळतं. एवढं जुनं ऊन ठाऊक असलेला माणूस सोलापूरच्या उन्हात बिनटोपीचा निघालेला! माझी पाण्याची बाटली संपवली आणि पुन्हा बर्फावर आला.

"म्हंजे मेलेल्यांची हाडंच की. पाण्यात ऱ्हातात व्हय ती?"

"राहतात काका. पाणी शांत असलं की तळाशी बसतात. कोणी ढवळलं नाही, तर कायमची."

संगमावर गुरुजींना घाई. "आजोबा, मधल्या धारेत सोडा, लगेच वाहून जातील."

मी काठाकाठानं डोहाकडं गेलो.

"अहो, तिथं पाणी थांबलेलं आहे!"

"म्हणूनच," म्हणालो, आणि गाठ सोडली.