गोधडीतला विळा

उभी हयात मी भोरच्या एसटीत कंडक्टर म्हणून काढली. माणसं गाडीत काय काय घेऊन चढतात, हे मला कुणी शिकवू नये. कोंबड्या, रॉकेलचा डबा, एकदा तर एका बाईनं अख्खा पाटा-वरवंटा आणला होता. रॉकेल मी उतरवायचो, कोंबड्यांचं तिकीट फाडायचो आणि कोयता दिसला तर म्हणायचो, "सीटखाली सरकवा, पातं आतल्या अंगाला." भातकापणीच्या दिवसांत वेल्ह्याच्या गाडीत जिकडंतिकडं मांडीवर विळे असायचे. त्याची कधी कुणाला भीती वाटली नाही.

तर विमानतळावरचा कायदाही मला कुणी समजावून सांगू नये. तो मला कळतो. दिल्लीत बसून सरकारनं विमानाच्या सुरक्षेचे नियम कडक केले, मागाहून आणखी कडक केले, आणि ते बरंच केलं. माझ्या शेजारी कुणी पातं लपवून बसला असता तर पहिला मीच ओरडलो असतो. एवढं सगळं मान्य करूनही माझा राग जात नाही. तो काढावा कुणावर, हेही कळत नाही.

आम्ही गुंजवण्याकडचे. एकुलती मुलगी, जावई फौजेत, आणि त्याची नेमणूक तेव्हा आसामात होती. मुलगी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा झाला, पण ओंजळीत मावेल एवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मुलीचं रक्त थांबत नव्हतं. जावयानं मोबाईल तिच्या कानाला धरला तेव्हा ती आईला एवढंच म्हणाली, "आई, पाचवीच्या आत ये गं. आपला इळा घिऊन ये."

आमच्याकडं बाळ-बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवतात. पाचव्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते. त्या रात्री तर उशाला विळा हवाच, म्हणजे वाईटसाईट जवळ येत नाही. आमच्या घरात त्यासाठी एकच विळा, माझ्या आईचा. एरवी तो भात कापायचा. माझ्या उशाला तोच होता, माझ्या मुलीच्या उशालाही तोच.

जावयानं दुसऱ्या दिवशीच्या सकाळची तिकिटं काढली. पुण्याहून दिल्ली, तिथून पुढं दुसरं विमान. मी बायकोला बजावलं, "हे बघ, इमानात लोखंड चालत न्हाई. पाव्हणं तितंच घेत्याल एकादा इळा."

"इकतचा?" ती म्हणाली. "त्यो काय राखनार?"

मग ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं. तीस वर्षांच्या संसारात ती इतक्या लवकर कधी गप्प बसली नव्हती, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

गावातल्या एकाच्या जीपनं आम्ही झुंजुमुंजू असतानाच निघालो. नसरापूर फाट्याला हायवेला लागलो. नातवासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती, ती छातीशी धरून बसली होती. विमानतळावर मोठी बॅग काउंटरवर दिली. तिच्यात डिंकाचे लाडू, खारीक, बाळंतविडा असं सगळं होतं. ती बॅग पट्ट्यावरून आत गेली तशी बायकोनं गोधडी आणखीच आवळली. मी म्हटलं, "तीबी टाकायची व्हतीस की." ती म्हणाली, "डोळ्याआड नको."

यात मला नवल वाटलं नाही. टपावर टाकलेल्या गाठोड्यावर आमच्या बायांचा कधीच भरवसा नव्हता. कंडक्टर कितीही ओरडला तरी जिवाची वस्तू मांडीवरच राहायची.

पुढं तपासणी. गोधडी पिशवीत घालून यंत्रात सारली आणि पट्टा थांबला. मी पडद्याकडं पाहिलं. विळा इतका स्पष्ट दिसत होता की दातेसुद्धा ओळखू यावेत. गोधडीच्या थरांत बसावा म्हणून तिनं त्याची लाकडी मूठ काढून टाकली होती. वरून टाके घातले होते, अगदी बारीक, नीट. इतके नीट की ते पाहून कुणालाही वाटावं, हे मुद्दाम लपवलंय.

ते खरंच मुद्दाम लपवलेलं होतं.

तपासणीवरच्या पोरीनं हिंदीत विचारलं, यह क्या है? बायकोला हिंदी येत नाही. तिनं पुढं होऊन पिशवी ओढली. पोरीनं धरून ठेवली. बायको ओरडायला लागली, "न्हाई देनार! माज्या नातवाचं हाय त्ये!" चार जवान धावत आले. रांगेतली माणसं मागं सरली. माझ्या बायकोला भिऊन माणसं मागं सरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी हात जोडले, पोरगी मरायला टेकलीय म्हणून सांगितलं, रडलोसुद्धा. ऐकून सगळ्यांनी घेतलं. पण पातं शिवून आणलंय म्हटल्यावर सोडणं कुणाच्या हातात नव्हतं.

आम्हाला पोलीस चौकीत नेऊन बसवलं. चौकीच्या खिडकीतून विमानं उडताना दिसत होती. त्यातलं आमचं कुठलं, ते कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक विमान वर गेलं की बायको विचारायची, "हेच का वो?" आणि मी म्हणायचो, "न्हाई, आपलं अजून हाय." असं मी किती वेळा म्हटलं कोण जाणे.

हवालदार सासवडकडचा, भला माणूस. त्यानं गोधडीचे टाके उसवून विळा काढला, हातात फिरवला आणि त्याला उलगडा झाला. त्याच्याही घरी उशाला लोखंड ठेवत असणार. हळूच म्हणाला, "काका, ह्यो त्या मोठ्या बॅगेत टाकला असता, तर खालनं गेला असता की. कुनी काय इचारलं नसतं."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी विमानात लोखंड चालत नाही म्हणालो होतो. खाली सामानातून चालतं, हे मला माहीतच नव्हतं.

जबाब झाले, अंगठा झाला, विळा जप्त झाला. सोडलं तोवर दुपार उलटून गेली होती. त्या दिवशी पुढं जागा मिळाली नाही. मिळाली ती दुसऱ्या दिवशीची, म्हणजे पाचवीच्याच दिवशीची. त्या दोन्ही विमानांत बायको उसवलेली गोधडी मांडीवर घेऊन बसली. ढग दिसले तरी तिनं खिडकीकडं पाहिलं नाही.

हॉस्पिटलच्या दारात जावई उभा होता. वर्दीत होता, पण एकदम पोरासारखा दिसला. म्हणाला, "मामा, सकाळी गेला." मग आमच्या मागं कुणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाला, "तिला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र तिला धक्का नको."

बायको तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या मनात काय चाललंय ते मला वाचता येत होतं. विळा पोचला असता तर बाळ राहिलं असतं. आणि माझ्या मनात होतं, विळा घेतलाच नसता तर काल पोचलो असतो, नातवाला जिवंत पाहिलं असतं. आज इतक्या दिवसांनीही आम्ही त्यावर बोललेलो नाही. एका ताटाला बसतो, शेजारी निजतो आणि दोघंही ते गिळून असतो.

आम्ही आत गेलो. मुलगी पांढरीफटक पडली होती. आईला पाहून तिनं हात पुढं केला, तो आईकडं नाही, गोधडीकडं. कडेवरून बोटं फिरवली. उसवलेल्या जागी तिची बोटं थांबली.

"इळा कुठाय गं आई?"

बायको ती उसवलेली कड आत दुमडायला लागली. मुलगी माझ्याकडं बघायला लागली. लहानपणी मी ड्यूटीवरून आलो की खिशात काय आणलंय म्हणून बघायची, तशीच.

मी म्हणालो, "त्याच्या उशाला ठिवला बाळा. आत्ताच, म्या सोता ठिवला."

"पातं?"

"भाईरच्या अंगाला. त्याला लागनार न्हाई."

तिनं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. म्हणाली, "मंग आता काय भ्या न्हाई."