मोठ्या माणसाला लेकराची लस

माझं नाव भीमराज. गाव साखरा, नोकरी सेनगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मीच. त्यामुळे गावात कुणाला ताप आला तरी लोक आधी मला विचारत, आणि मीही बिनदिक्कत उत्तर देई.

१९९६ साली नववीच्या पेपरात मी विचारलं, शरीर रोगजंतूंशी कसं लढतं? दिपाली नावाच्या मुलीनं लिहिलं, 'प्रत्येक टी-पेशी एकच ठरावीक खूण ओळखते.' हे आमच्या पुस्तकात नव्हतं. मला माहीतही नव्हतं. म्हणजे ते चूकच असणार! मी लाल शाईनं शेरा मारला, 'मनाचे लिहू नये', आणि दोन मार्क कापले.

२००३च्या मार्चमध्ये मला लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं. मी निदान केलं, उन्हाळी लागली. धन्याचं पाणी, सब्जा, ताक. रक्त थांबलं की मी धन्यांना श्रेय द्यायचो, पुन्हा गेलं की ऊन वाढलं म्हणायचो. असे तीन महिने गेले. जूनमध्ये पाऊस पडला, ऊन गेलं, रक्त काही गेलं नाही. तेव्हा बायको करुणा कपड्यांची पिशवी भरून दारात उभी राहिली.

"आता कोनती उन्हाळी? चला नांदेडला."

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. मूत्राशयात कॅन्सरची गाठ होती. वरवरचीच होती, खरवडून काढली. मग ते म्हणाले, "पुन्हा होऊ नये म्हणून सहा आठवडे बीसीजी देऊ."

"बीसीजी? ती तर लेकराला देतात, क्षयाची!"

"तीच. फक्त दंडात नाही, नळीनं मूत्राशयात."

पंधरा वर्षं पोरांना मी दंडावरचा व्रण दाखवून बीसीजी शिकवली होती. आता नळी लावून पडलो होतो. औषध दोन तास आत धरायचं आणि पाव-पाव तासाला कूस बदलायची, तव्यावरच्या भाकरीसारखी. रात्री हुडहुडी भरून ताप यायचा. लघवीतून लसीचे जिवंत जंतू जातात म्हणून संडासात ब्लिचिंग पावडर टाकायचं काम करुणाकडे होतं. ती म्हणायची, "लई शिकलेल्या मानसाची लई तकलीफ."

तिसऱ्या आठवड्यात दिपाली भेटायला आली. नांदेडलाच सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. मी कूस बदलता बदलता तिला विचारलं, "क्षयाचे जंतू कॅन्सरला काहून भितात?"

"जंतू न्हाई सर, तुमच्याच टी-पेशी, म्हंजे रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतो. आपल्या पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडून दाखवतात, त्यातला ठरावीक तुकडा तो ओळखतो. एकीचा रिसेप्टर दुसरीसारखा न्हाई. कॅन्सरची पेशी तर आपल्याच घरची, म्हणून सहज ओळखू येत न्हाई. लस घातली की तिथं गलका होतो, फौज गोळा होते. त्यात कॅन्सरही सापडतो. बराबर कसं, ते अजून शोधून राहिलेत."

मी भिंतीकडं तोंड केलं. कूस बदलायची वेळ झाली नव्हती.

"दिपाली, नववीत मी तुझे दोन मार्क कापले होते."

"ध्यानात हाय, सर."

"तू बरोबर होतीस."

"ते बी ध्यानात हाय," ती म्हणाली आणि हसली. करुणा तर माझ्या दुखण्यात पहिल्यांदाच एवढी हसली.

मी बरा झालो. ताप उतरला तशी नम्रताही उतरली. २००६मध्ये पेपरात बातमी आली: अमेरिकेत डॉक्टरांनी त्वचेच्या कॅन्सरच्या रोग्यांच्याच टी-पेशी काढल्या, त्यांना कॅन्सर ओळखणारा रिसेप्टर बसवला आणि परत सोडल्या. दोघांच्या गाठी विरल्या. बाकीच्यांना गुण आला नव्हता, पण तेवढी ओळ मी चहाच्या हॉटेलात मोठ्यानं वाचली नाही. "कॅन्सर आता काहीच नाही," मी जाहीर केलं. "माझा तर लेकराच्या लसीनं गेला!"

चार दिवसांनी शेजारच्या सुभद्राबाई आल्या. त्यांच्या घरी शेळ्या-मेंढ्या. छातीत गाठ होती, आठ महिने लपवलेली.

"सर, दवाखान्यातली सिस्टर मला लेकराची लस देईना. तुमी सांगा तिला."

एका पेशीची खूण दुसरीला चालत नाही, हे मला स्वतः दिपालीनं सांगितलं होतं, आणि मी सगळ्या गावाला एकच लस वाटून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी आणि करुणा त्यांना जीपनं हिंगोलीला आणि तिथून नांदेडला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "यांना ती लस नाही चालणार. ऑपरेशन करावं लागेल." मी अमेरिकेची बातमी काढली. "गुरुजी, ते प्रयोग आहेत. आज यांची गाठ काढू द्या."

बाहेर बाकावर सुभद्राबाईंनी विचारलं, "तुमच्या त्या पेशी माझी गाठ काहून वळखत न्हाईत?"

"न्हाई माहीत, मावशी." हे वाक्य उच्चारायला मला फार जड गेलं. "पन चूक माझी हाय. मी उगीच बोललो."

"तुमी बोलले म्हनून तर मी गाठीचं तोंडातून काढलं," त्या म्हणाल्या. "न्हाई तर कोनाला सांगत व्हते?"

ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. वर्षभरात त्या शेळ्यांमागं रानात जाऊ लागल्या. मी मात्र गाठ परत आली का हे पाहायची दुर्बिणीची तपासणी टाळत होतो; दोनदा तारीख चुकवली, कारण सांगितलं परीक्षांचं. करुणानं ते सुभद्राबाईंच्या कानावर घातलं असावं. एका सोमवारी त्या काठी घेऊनच दारात आल्या.

"उठा, सर. चला नांदेडला, यष्टी आली."

"मावशी, आज शाळा..."

"शाळा पळून जात न्हाई. तुमीच पळून राहिले."

सगळ्या स्टँडासमोर त्यांनी मला एसटीत चढवलं आणि कंडक्टरला बजावलं, "ह्या मास्तरला मधी कुठं उतरू देऊ नका."