खिडकीतला वांदा

अख्ख्या बालाघाटात माझ्या नणंदेच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी, पाणी तपासलं नाही असं एकही घर नसेल. उकव्याच्या मँगनीज खाणीतल्या प्रयोगशाळेतून ते निवृत्त झाले, पण रंग बदलणाऱ्या पीएचच्या कागदांची वही खिशातच राहिली. कुणाकडे गेले की आधी पाणी मागत आणि पिण्याऐवजी त्यात कागद बुडवत. "वहिनी, तुमच्या विहिरीत लय चुना आहे," असं सुतकी चेहऱ्यानं सांगत. एका लग्नात त्यांनी पंगतीतली कढी तपासली, तेव्हा वरमाय दोन दिवस रुसली होती.

ह्याच्या मुळाशी होता एक वांदा, म्हणजे झाडाच्या सालीवर वाढणारं ऑर्किड. उकव्याच्या घरासमोरच्या मोहावरून नणंदबाईंनी तो पोत्यात गुंडाळून आणला होता. बालाघाट त्यांना मानवलं नव्हतं. "हा फुलल्याशिवाय मी ह्या घराले आपलं म्हणत नाही," असं त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं. तिसरं वर्ष लागलं आणि खिडकीतल्या कुंडीत मुळं काळी पडू लागली.

भाऊजींनी कुंडीत काय काय भरलं त्याची यादी मी ठेवत असे, कारण ते विसरत. नदीची वाळू: मुळं कुजली. वारासिवनीच्या गिरणीतलं धानाचं तूस: बुरशी. शेवटी कोळसा, सालीचे तुकडे आणि विटांचे खडे. पाणी साठवलेल्या पावसाचंच. तरी कुंडीतून निथळलेल्या पाण्यात कागद निळा होई, म्हणजे वांद्याला न सोसणारा चुना.

"आभाळातच चुना कालवला का कोणी?" भाऊजी वैतागले.

मी यादीवर बोट ठेवलं. "विटा कुठल्या?"

"मागची जुनी भिंत पाडली ना, तिच्या."

"आणि तिची जुडाई कशाची होती?"

आतून नणंदबाई म्हणाल्या, "चुन्याची. अन् हे गावभर लोकाईच्या विहिरी हुंगून राह्यले."

त्याच दिवशी भाऊजी सायकलवर पोतं बांधून भट्टीतल्या कोऱ्या विटा घेऊन आले. कोळसा राख जाईस्तोवर धुतला. आठवड्यानं कागद निळा न होता पिवळसर निघाला, तो त्यांनी मला मुद्दाम घरी आणून दाखवला. पुढच्या उन्हाळ्यात तपकिरी ठिपक्यांचा तुरा उमलला. भाऊजी रस्त्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावत होते. रुसलेली वरमायसुद्धा येऊन वास घेऊन गेली.

गर्दी ओसरल्यावर नणंदबाई खिडकीशी बसल्या. "आपल्या घरात फुलला बाई," म्हणाल्या, आणि मग हळूच, "मोहावर जे वांदे राह्यले, त्याईले आता कोण पाहत असन?"

भाऊजींनी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं. "मंगळवारी बैहरची बस धरू," ते म्हणाले. "उकव्याले उतरू. पाहून येऊ."