पहिल्या तपासणीपासून

सरकारी दवाखान्यात विमा योजनेच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणत, अगदी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे डॉक्टरसुद्धा. एकोणीस वर्षं त्या खिडकीत बसून त्या माणसं ओळखायला शिकल्या होत्या. पूर्वी योजनेत फक्त बाळंतपण बसायचं. त्यामुळे बायका कळा सुरू झाल्यावरच दारात उभ्या राहायच्या आणि पुढे काय वाढून ठेवलंय हे कुणालाच ठाऊक नसायचं. गेल्या वर्षी नियम बदलला, तपासण्याही योजनेत आल्या. पण कागदावरचा नियम घरोघरी पोचेपर्यंत वेळ लागतोच.

एका सकाळी शिवणकारखान्यात कामाला जाणारी एक सून सासूचं नाव कार्डावर चढवायला आली. सासू शेजारीच उभी. सही करताना सुनेला पेन नीट धरवेना, बोटं टम्म सुजलेली.

"कितवा महिना गं?" मावशींनी विचारलं.

"सातवा."

"आणि तपासणी?"

"ती योजनेत नाही ना? बाळंतपणालाच येणार."

"अगं, कधीची आलीय!"

सासू मध्येच म्हणाली, "अहो, मला चार झाली. एकदाही कुणी हात लावून बघितलं नाही."

"तुमचं नशीब जोरावर होतं, आजी. हिचंही असेल. पण नशिबाला जरा डॉक्टरांचा हातभार लावू या की!"

सासूलाही हसू आलं. मावशींनी खिडकीत 'दहा मिनिटांत येते' अशी पाटी लावली. रांग कुरकुरली. "कुरकुरा, कुरकुरा," म्हणत त्या सुनेला थेट तपासणीच्या खोलीत घेऊन गेल्या. रक्तदाब भलताच चढलेला निघाला.

"आणखी आठवडा गेला असता तर दोघांच्या जिवावर बेतलं असतं," नर्स म्हणाली.

चार दिवस भरती, मग गोळ्या, मग दर आठवड्याला फेरी. सासू प्रत्येक वेळी बरोबर. "आज दाब किती भरला?" हे डॉक्टरांच्या आधी तीच विचारायची. तारखेच्या दोन आठवडे आधी मुलगी झाली. वजन अडीच किलो आणि आवाज असा की खालच्या जिन्यापर्यंत ऐकू यावा. मावशी जेवणाच्या सुट्टीत बघायला गेल्या, तर बाईसाहेबांनी त्यांच्या तोंडावर ऐसपैस जांभई दिली.

महिन्याभराने सासू पुन्हा खिडकीशी हजर. मागे शेजारची सून, लाजून चूर.

"हिचा दुसराच महिना आहे. नाव लिहून घ्या. आणि हिच्या सासूचं काही ऐकू नका, तिला यातलं ओ की ठो कळत नाही."

मावशींनी हसू दाबलं आणि त्या पोरीला आधी बसायला खुर्ची दिली.