गुरुजींची मिरची आणि परदेशातली दलदल

मिरचीची रोपं शेडनेटमध्ये पिवळी पडत होती आणि माझ्या फोनवर राऊत गुरुजींचं नाव चमकत होतं. मी फोन उचलला नाही.

बदनापूरजवळच्या एका रोपवाटिकेत मी मॅनेजर आहे. राऊत गुरुजी वाटूरचे निवृत्त शिक्षक. त्यांनी घरच्या मिरचीचं बी आमच्याकडे रोपं करायला दिलं होतं. दर हंगामात चांगली फळं निवडून जपलेलं वाण. घरात होतं तेवढं सगळं बी त्यांनी मला दिलं होतं. ही रोपं गेली की वाणच गेलं.

आणि नेमकं याच लॉटला आम्ही पीट सोडून कोकोपीट वापरलं होतं.

पीट म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत साचलेलं शेवाळ. पाण्याखाली ते धड कुजत नाही, त्याचा तपकिरी थर होतो. पूर्वी तिथले लोक फावड्याने त्याच्या विटा कापायचे, वाळवून चुलीत जाळायचे. मग यंत्रं आली. आता दलदलीतलं पाणी काढून टाकतात, ट्रॅक्टर वरचा थर खरवडतो, तो उन्हात वाळतो आणि व्हॅक्युम क्लीनरसारखं भलंमोठं यंत्र तो ओढून घेतं. वर्षभरात जेमतेम नखाच्या जाडीएवढा वाढणारा थर, यंत्र एका दुपारीत कित्येक वर्षांचा गिळतं. हलकं, स्वच्छ, मुळांना मानवणारं असं हे पीट आम्ही ट्रेमध्ये भरायचो.

पण आमच्या परदेशी सप्लायरने कळवलं, त्यांच्या दलदलीतून पीट काढणं बंद होतंय. वाळलेली दलदल हवेत कार्बन सोडते, म्हणून तिथे परत पाणी सोडणार. बी घेताना मी हे गुरुजींना सांगितलं.

“म्हंजी माझ्या मिरचीसाठी तुम्ही लोकांची दलदल आटवून राह्यल्या होत्या?” गुरुजी म्हणाले. “न्हाई न्हाई, मला ते नारळाचंच द्या.”

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. त्यात मीठ असतं, म्हणून आम्ही तो भरपूर धुतला. रोपं छान उगवली. मग पिवळी पडायला लागली.

रोपवाटिकेचे मालक, आमचे शेठ, शेडमध्ये आले. “नारळ देवळात फोडायला ठीक आहे, मॅडम. रोपवाटिका चालवायला न्हाई. गुरुजींना आता काय सांगायचं?”

मी ट्रेपाशी बसून एकेक गोष्ट पुन्हा पाहिली. भुशातला खार तपासला, ठीक. खत ठीक. कीड नाही. मला खरंच रडू येत होतं.

पाण्याचं काम रुक्साना भाभींकडे. त्यांना विचारलं.

“बराबर दिलं, मॅडम. वरून सुकं दिसलं की मारलं. तुम्ही बी हेच सांगितल्तं ना?”

सांगितलं होतंच. पीटचा रंग फिका पडला की पाणी द्यायचं, ही आमची सगळ्यांची जुनी सवय.

तेवढ्यात गुरुजींचा पुन्हा फोन. शेठना रोपं दाखवायला एक ट्रे मी एका हातावर घेतला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. ट्रे एवढा जड, की मनगट वाकलं. वरून पांढुरका, कोरडा आणि खालून पाणी ठिबकतंय. रोपांना तहान नव्हती, ती बुडत होती. कोकोपीट वरून लवकर सुकतं आणि आत पाणी धरून ठेवतं.

“मॅडम, शेतात मल्चिंगचा प्लास्टिक कागद अंथरून बसलोय,” गुरुजी सांगत होते. “आता माझंच अंथरूण तिथं टाकायचं राह्यलं. रोपं कधी?”

“थोडं थांबा गुरुजी. तुमची मिरची पाणी जास्त प्यायलीय.”

“मंग बसवा तिला उन्हात.”

तेच केलं. पाणी बंद, ट्रे विटांवर, खालून वारा. काही रोपं गेली, पण बाकीच्यांना पांढरी मुळं फुटली. ती पाहून मी आणि भाभींनी शेडमध्येच चहा मागवला. तेव्हापासून आमच्याकडे आधी ट्रे उचलून वजन बघायचं, मग पाणी द्यायचं.

गुरुजींची मिरची शेतात उभी राहिली. नवं बी त्यांनी आणून दिलं, यंदा निम्मं घरी ठेवून. त्या दिवशी मी त्यांना ट्रे उचलायची गोष्ट सांगितली आणि सप्लायरने पाठवलेला व्हिडिओ दाखवला. यंत्रं गेलेली, दलदलीत पाणी, त्यात पक्षी.

गुरुजींनी तो दोनदा पाहिला. “त्यांची दलदल पाणी देऊन वाचली, आपली मिरची पाणी तोडून,” ते म्हणाले. “काय द्यायचं ते उचलून बघावं लागतं, मॅडम.”