मोजणीत एक कमी

कळमनुरीहून नांदेडकडे निघालं की डाव्या हाताला एक शाळा लागते. तिच्या फाटकाशी, सिमेंटच्या तीन खांबांवर एक लढाऊ विमान उभं आहे. इंजिन काढून घेतलेलं, पंखांना ऑइलपेंट फासलेलं. शेजारच्या दोन खोल्यांत विमानाचं एक चाक, वैमानिकाची खुर्ची, काटे थांबलेली काही घड्याळं आणि एक विटलेलं पॅराशूट मांडून ठेवलंय. दारावर पाटी आहे, ‘विमान संग्रहालय’. मोठ्या शहरांतली संग्रहालयं पाहिलेला माणूस या पाटीला हसेल. मीही पहिल्या दिवशी हसलो आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो. आता दर बाजाराच्या दिवशी जातो. भाजीची पिशवी फाटकाला अडकवतो आणि विमानाच्या पोटाखालच्या सावलीत बसतो.

मी विमानदलात फिटर होतो. विमान उडवणारा नव्हे, उडायच्या आधी त्याचे सांधे तपासणारा. हा फरक गावाकडे मला आजवर कुणालाही पटवता आलेला नाही. निवृत्त होऊन कळमनुरीत घर बांधलं. बायको मुलीकडे पुण्याला असते, नातू लहान आहे. मला तिथल्या नवव्या मजल्यावर करमत नाही. इथंही करमत नाही, पण इथल्या न करमण्याची सवय झाली आहे. सकाळी चहा एकट्याने, दुपारी टीव्ही एकट्याने, आणि संध्याकाळी फोनवर नातवाचा आवाज, तोही त्याचा मूड असेल तर.

संग्रहालयात मला पगार नाही की खुर्ची नाही. पण शाळेच्या शिपायाने किल्ल्या माझ्या हवाली केल्यात, कारण त्याला फुकटचा माणूस मिळाला. येणारे बहुतेक फोटोपुरते येतात. नवीन लग्न झालेली जोडपी पंखाखाली उभी राहतात. एकाने गंभीरपणे विचारलं होतं, “काका, अ‍ॅव्हरेज किती देतं?” दुसऱ्याला ते विकत घेऊन धाब्यापुढे उभं करायचं होतं. मी चिडतो. माझा स्वभावच तुसडा आहे, असं बायको म्हणते आणि ते खरं आहे. पण ते निघून गेले की वाटतं, अजून थोडा वेळ थांबले असते तर बिघडलं नसतं.

खरं तर मला तिथं एकाच माणसाला आणायचं होतं. माझ्या थोरल्या भावाला.

दादा साखऱ्याच्या बाजूला, आमच्या गावी राहतो. आमचं घर मेंढरांचं. दादाने चौथीत शाळा सोडली आणि काठी हातात घेतली, म्हणून मी शिकलो. मी विमानदलात गेलो तेव्हा सगळ्या गावाला पेढे त्याने वाटले. सुट्टीवर आलो की मला घ्यायला हिंगोलीच्या स्टँडवर तासभर आधी येऊन बसायचा. आणि गेली एकोणीस वर्षं आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. लग्नकार्याला जाणं-येणं, दिवाळीला फोन, “बरं हाय का?” “बरं हाय.” भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. आमचं भांडण कधी झालंच नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी आमचे वडील गेले. मी तेव्हा उत्तरेकडच्या एका तळावर होतो. सकाळी कार्यालयात दादाचा फोन आला की बाचं काही खरं नाही, निघ. तासाभरात रजा मंजूर झाली, कागद खिशात आला. निघायच्या आधी माझी हत्यारांची पेटी जमा करायची होती. आमच्या पेटीत प्रत्येक हत्याराची जागा कापून केलेली असते. पान्याची जागा पान्याच्या आकाराची, पक्कडीची पक्कडीच्या. पेटी उघडली की काय नाही ते लगेच दिसतं. त्या दिवशी एक जागा रिकामी होती. वीतभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर. त्या सकाळी मी एका विमानात वैमानिकाच्या खुर्चीखाली काम केलं होतं, म्हणजे तो आतच कुठंतरी होता.

एक हत्यार हरवलं तरी ते विमान सापडेपर्यंत उडत नाही. आत सुटलेला स्क्रूड्रायव्हर हवेत, वैमानिक ज्याने विमान वळवतो त्या दांड्याखाली अडकला, तर दांडा हलत नाही आणि माणूस जातो. साहेब चांगले होते. म्हणाले, “तू जा, आम्ही शोधतो.” मी गेलो नाही. खुर्ची बाहेर काढली, पत्रे उघडले, टॉर्च घेऊन आत उलटा लटकलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दांड्याच्या बुडाशी सापडला. त्या दुपारीच बा गेला होता.

गावी पोहोचलो तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. दादाने विचारलं, “काहून उशीर?” मी म्हणालो, “रजा भेटली न्हाई.” बाप मरत असताना मी स्क्रूड्रायव्हर शोधत होतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पण रजेचा कागद शर्टाच्या खिशातच राहिला होता. कपडे धुताना वहिनीच्या हाती लागला आणि पुतण्याने वाचून दाखवला. त्यावर मंजुरीची तारीख होती, बा जायच्या आदल्या दिवसाची. दादा मला काहीच बोलला नाही. पण त्यानंतर तो मला घ्यायला कधी स्टँडवर आला नाही.

मला त्याला एकदा खरं सांगायचं होतं. घरी जमत नसे. ओसरीवर बसलो की पावसापाण्याचंच बोलणं निघायचं. वाटायचं, विमान समोर असेल तर सांगता येईल. म्हणून हे विमान आल्यापासून मी त्याला बोलवत होतो. तो म्हणायचा, “बगू.” दोन वर्षं तो बघतच होता.

गेल्या उन्हाळ्यात डोंगरकड्याला भाचीचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला जवळजवळ ओढतच शाळेत आणलं. फाटकाशी त्याने चपला काढल्या.

“दादा, देऊळ न्हाई हे.”

“तुझ्या पोटापान्याचं हाय न्हवं?” तो म्हणाला आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालत गेला.

त्याने विमानाला आधी लांबून एक फेरी मारली. मग वाकून खाली शिरला आणि पोटावरून तळवा फिरवला, बाजारात मेंढी घेताना फिरवतो तसा. “हे खातंय कुठून?” मी हवा आत घेणारं तोंड दाखवलं. “अन् तू कुठं हात घालायचास?”

मी शिडी लावली. सत्तरीला टेकलेला माणूस काठी खाली ठेवून माझ्यामागे वर चढला. काचेतून आत बघितलं. मी बोट दाखवलं, ही खुर्ची, हा दांडा, ही दांड्याखालची फट. आणि फट दाखवता दाखवता सगळं सांगून टाकलं. पेटीतली रिकामी जागा, टॉर्च, दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ, खिशातला कागद. सांगताना त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मी काचेवरची धूळ पुसत राहिलो.

दादाने काचेला कपाळ टेकलं. मग विचारलं, “साहेब तुला जा म्हनला हुता?”

“व्हय.”

“दुसरी मान्सं हुती हुडकायला?”

“व्हती. चार-पाच.”

“तरी ऱ्हायलास.”

“आत मीच गेलतो दादा. माझा हात कुठं कुठं गेला, ते मलाच ठाव.”

“बराबर हाय,” दादा म्हणाला. “ज्यानं मेंढरं चारली त्यालाच ठाव असतंय कुठं कुठं फिरवली. दुसरा जाऊन काय हुडकनार?”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो आतल्या दांड्याकडेच बघत होता.

आमच्या घरची रीत मला तेव्हा आठवली. सांजेला मेंढरं वाड्यात शिरताना बा तोंडाशी बसून मोजायचा. प्रत्येक विशीला एक खडा बाजूला. एक जरी कमी भरलं, तर त्या दिवशी मेंढरं राखणारा तसाच उलट्या पावली माळावर जायचा आणि तो परत येईपर्यंत घरात कुणी जेवत नसे. मी स्वतः सहावीत असताना पिलू हुडकत असा दोन कोस गेलो होतो. विमानदलात पेटीची मोजणी शिकवली तेव्हा मला ती सोपी गेली, ती त्यामुळेच. आणि हीच गोष्ट माझ्या घरच्यांना कळणार नाही, असं मी एकोणीस वर्षं धरून बसलो होतो.

शिडी उतरून दादा चाकापाशी बसला. पटक्याने तोंड पुसलं. “काहून न्हाई सांगितलंस रे?”

“लाज वाटली.”

“माझं जाऊ दे,” तो म्हणाला. “बा दोन दिवस दाराकडं तोंड करून हुता. घडोघडी इचारायचा, काहून येईना? मी काय सांगू? पयल्या दिवशी म्हनलं, येऊन राहिला. दुसऱ्या दिवशी मला काईच सांगता येईना.” पटका मांडीवर ठेवून तो म्हणाला, “एक फोन केला असतास. तुझं हत्यार एक कमी भरलंय, येवढं मी बाच्या कानात सांगितलं असतं. घावल्याबिगर येऊ नको म्हनावं, असं म्हनला असता बा. अन् निवांत डोळे मिटले असते त्यानं.”

 दादाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

दुपारच्या एसटीने तो हिंगोलीला गेला. चढताना म्हणाला, “पुढच्या बाजाराला येतो.” तो येईलही. त्याने मला माफ केलं होतं, मला ते दिसत होतं. इतकी वर्षं मला तेवढंच हवं होतं.

मी परत शाळेत आलो, खोल्यांना कुलपं लावली आणि विमानाखाली बसलो. आसपास कुणी नव्हतं म्हणून मोकळेपणी रडता आलं. तळाच्या कार्यालयात टेलिफोन होता. त्या दोन दिवसांत मी त्याच्यासमोरून दहा वेळा तरी गेलो असेन.